फडाची वारी

करकंबच्या शिवारात, गावापासून दोन-अडीच किलोमीटरवर एक वस्ती आहे असं समजा. चैत्र महिना, रात्रीचे अकरा वाजून गेलेत. बाजेवर पडलेल्या माणसाच्या कानावर हलगी येते. लांबून येते, पण स्वच्छ येते. तोडा कुठं संपला आणि सम कुठं पडली तेही कळावं इतकी. हाच हलगीवाला संध्याकाळी पाचच्या सुमाराला गावात हात मोकळा करत होता, तेव्हा वस्तीवर काही म्हणजे काही पोचलं नव्हतं.

माणूस उठतो, सदरा चढवतो, पायात वहाणा सरकवतो. आतून आवाज येतो, "परवा भोशाला बघितलाच की ह्योच तमाशा!"

"ह्योच कुठं असतोय त्यो," असं म्हणत तो अंधारात चालू लागतो.

ही रात्र पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची धरा. माणसाला मी नाव देत नाही, कारण असा माणूस त्या भागात एकच नव्हता. प्रत्येक गावात दोन-चार तरी होतेच. गाव त्यांना शौकीन म्हणायचं, आणि घरचे म्हणायचे, नाद लागलाय. मराठीनं इथं मोठी गंमत करून ठेवली आहे. आवाज तोही नाद आणि वेड तेही नाद. मला दोन्हींचं नवल वाटत आलंय: हलगी इतक्या लांब आली कशी, आणि त्याचं ते उत्तर. कारण तो बायकोशी खोटं बोलत नव्हता.

हलगीचं आधी बघू. आवाजाचा वेग हवेच्या तापमानावर ठरतो. २० अंशांना तो सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो आणि दर अंशामागं साधारण ०.६ मीटरनं वाढतो. चैत्रात दिवसा सोलापूर जिल्ह्यातली जमीन तव्यासारखी तापलेली असते. तिला चिकटलेली हवा सगळ्यात गरम, वर जावं तशी निवत गेलेली. म्हणजे आवाजाच्या लाटेचा खालचा भाग जोरात पळतो आणि वरचा मागं रेंगाळतो. बैलगाडीचं एक चाक रेतीत रुतलं की गाडी त्याच बाजूला ओढली जाते, तशी ही लाट वरच्या, संथ बाजूला वळते आणि आभाळात निघून जाते. पाच वाजताची हलगी घारींनी ऐकली असेल.

रात्री सगळं उलटं होतं. आभाळ निरभ्र, हवा कोरडी. जमीन दिवसभराची ऊब भराभर सोडून देते. आता खालची हवा थंड आणि वरची अजून कोमट. संथ बाजू खाली आली. वर निघालेली हलगी वाकते आणि पुन्हा शिवारात उतरते. वस्तीवरच्या बाजेपर्यंत ती अशी कमान करून आलेली असते. आपल्याकडच्या जत्रा चैत्र-वैशाखात का, याचं कारण अर्थातच सुगी उरकलेली असते हे आहे. पण कोरड्या, निरभ्र रात्रींनी तमाशाची फुकट जाहिरात केली हेही खरं.

आणि हलगी तरी काय साधं वाद्य आहे! एक कडं, त्यावर ताणलेलं कातडं, दोन काड्या. फडाच्या मागं कोपऱ्यात कागद-पाचटाचा जाळ केलेला असतो आणि हलगीवाला मधूनमधून हलगी त्यावर शेकून घेतो. कातडं हवेतला ओलावा पितं आणि सैल पडतं. जाळावर धरलं की ओल उडते, कातडं आकसतं, सूर चढतो. रात्र वाढेल तसा गारवा वाढतो, आवाज उतरतो, पुन्हा जाळ. मुरलेला शौकीन डोळे मिटूनही सांगेल की आता हलगी शेकायला झाली.

ढोलकीची गोष्ट याहून नवलाची. नुसतं कातडं कशावरही ताणून वाजवलं तर त्यातून एकाच वेळी अनेक कंपनं निघतात, आणि त्यांचं आपसांत जमत नाही. मूळ कंपन १ धरलं तर पुढची १.५९, २.१४, २.३० अशी वेडीवाकडी येतात. म्हणून नुसत्या कातड्याचा आवाज होतो, सूर होत नाही. आपल्याकडच्या कारागिरांनी कातड्याच्या मध्यावर शाई चढवली. त्या काळ्या ठिपक्याच्या वजनानं ही कंपनं सरकून जवळजवळ पूर्णांकांच्या रांगेत येतात, तारेसारखी. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० मध्ये 'नेचर' नियतकालिकात मृदंग-तबल्याच्या जातीच्या वाद्यांबद्दल हे मांडलं, तेव्हा जगातल्या ध्वनिशास्त्रज्ञांना ही बाब नवी होती. ढोलकीच्या उजव्या अंगालाही हीच शाई असते. डाव्या अंगाला आतून मसाला लावलेला असतो, आणि तिथं तळहात दाबत सरकवला की तो घुमारा निघतो, पोटात कालवाकालव करणारा. बाजेवरच्या माणसाला उठवते हलगी. त्याला पहाटेपर्यंत बसवून ठेवते ती ढोलकी.

आता तो गावात पोचेपर्यंत एका शब्दाकडे वळू. फड.

करकंब हे पंढरपूर तालुक्यातलं मोठं गाव. पंढरपूरहून टेंभुर्णीकडे जाताना वीसेक किलोमीटरवर लागतं. या टापूत 'फडावर गेलाय' असं कुणी म्हणालं तर त्याचे निदान चार अर्थ होतात. उजनी धरणाचं पाणी आल्यापासून चहूकडे ऊस. पिंपळनेरच्या विठ्ठलराव शिंदे सहकारी साखर कारखान्याचं दुसरं युनिट करकंबलाच आहे. तेव्हा उसाचा फड. जत्रेत कुस्त्यांचा फड. पंढरपुरात वारकऱ्यांचे फड, वासकरांचा, देगलूरकरांचा. आणि तमाशाचा फड. यातल्या दोघांचं तर आर्थिक गणितही एकच आहे. ऊसतोड टोळी आणि तमाशा कलावंत, दोघंही हंगामाआधी उचल घेतात, दोघांचाही हंगाम दसरा-दिवाळीला उघडतो आणि उन्हाळ्यात संपतो, आणि दोघांनाही ती उचल फेडायला पुढचा हंगाम करावा लागतो. भाषेनं हे उगाच एका शब्दात बांधलेलं नाही.

तमाशाचा दौरा कसा ठरतो, ही पाहण्यासारखी गोष्ट आहे. परदेशातल्या रॉक गायकाचा दौरा त्याचे व्यवस्थापक ठरवतात. आपल्याकडे तो गावोगावचे देव ठरवतात. प्रत्येक गावाची जत्रा तिथीवर. या गावच्या भैरोबाची अष्टमीला, त्या गावच्या बिरोबाची पौर्णिमेला, पलीकडच्या गावातल्या देवीची वद्य पंचमीला. तिथी कॅलेंडरात दरवर्षी सरकते, पण गावांचा आपसांतला क्रम सरकत नाही. त्यामुळे फडाची वाट पंचांगात आधीच आखलेली असते. पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावला उन्हाळी जत्रांच्या तोंडावर फडांच्या राहुट्या पडतात, गावोगावचे कारभारी तिथं येतात, बोली होते, सुपारी दिली जाते. चैत्री पौर्णिमेची रात्र एकच असल्यामुळे तिचा भाव सगळ्यात चढा. नारायणगावाला लोक तमाशापंढरी म्हणतात. पंढरपूरपासून इतक्या जवळ राहणाऱ्या माणसानं या नावावर थोडं थांबायला हवं.

कारण वारी या शब्दातच पुन्हा पुन्हा जाणं आहे. एकदा जाऊन आलेल्याला वारकरी म्हणत नाहीत. दरवर्षी तीच वाट, तोच विठ्ठल, विटेवर तसाच उभा, आणि चाळीस वर्षं गेलेल्या माणसाला कुणी विचारत नाही की तेच तेच काय बघता हो. शौकिनाला मात्र विचारतात. आणि गंमत अशी की, त्याच्यापुढचं दृश्य खरोखरच दर रात्री बदललेलं असतं.

ते कसं, हे समजायला तमाशाचा सांगाडा पाहू. आधी ढोलकी-हलगीची सलामी. मग गण, गणपतीचं नमन. मग गवळण: मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, त्यांची मावशी, वाट अडवणारा कृष्ण आणि त्याचा पेंद्या. मग बतावणी, म्हणजे सोंगाड्या आणि सरदाराची जुगलबंदी. मग लावण्या, अलीकडं त्यांच्या जागी सिनेमाची गाणी. आणि शेवटी, मध्यरात्र उलटल्यावर, वग. वग म्हणजे नाटक, पण त्याची संहिता बहुधा कुणाच्या खिशात नसते. उमा-बाबू सावळजकर यांचा 'मोहना-बटाव' हा पहिला वग मानतात, १८६५ च्या सुमाराचा; तेव्हापासून वगाचं कथानक, त्यातली गाणी आणि ठरावीक वळणं तेवढी पक्की असतात. मधली सगळी बोलणी उभ्या उभ्या होतात. सांधे मोकळे ठेवून बांधलेली ही वस्तू आहे. तिला हलायला जागा मुद्दाम सोडलेली आहे.

बतावणीत तर हे उघड दिसतं. तरबेज सोंगाड्या दुपारी गावात चहा प्यायला बसतो तो काही तलफ आली म्हणून नाही. कुणाचं कुणाशी वाजलंय, सोसायटीत कोण पडलं, कुठल्या पुढाऱ्याच्या विहिरीला पाणी लागलं नाही, हे सगळं तो कपाबरोबर उचलतो आणि रात्री फडावर मांडतो. आमचा शौकीन हीच बतावणी परवा भोशात ऐकून आलाय. तिथं जो टोला भोशाच्या सरपंचाला होता तो आज करकंबच्या सरपंचाला बसतो. गावाला वाटतं, काय हजरजबाबी आहे! एकटा शौकीनच जाणतो की टोला जुना आहे आणि बसवणं नवं. गाव विनोदाला हसत असतं आणि हा सांध्याला दाद देत असतो. पुढं बार्डीत आणि पेह्यात तोच टोला कसा बसतो ते बघायला तो जाणार आहे, ते यासाठी.

सांगली जिल्ह्यातल्या कवलापूरचे काळू-बाळू, म्हणजे लहू आणि अंकुश खाडे हे जुळे भाऊ, यांचं 'जहरी प्याला' वगातलं हवालदारांचं सोंग अख्ख्या महाराष्ट्राला पाठ होतं. दोघं दिसायला सारखे, आणि त्या सारखेपणाचाच घोळ. लोकांना पुढं काय होणार ते माहीत असायचं आणि तरी ते गाड्या जुंपून यायचे. दादू इंदुरीकरांचा 'गाढवाचं लग्न'मधला सावळ्या कुंभार हाही तसाच. पाठ असलेल्या गोष्टीला माणूस पुन्हा का येतो?

याचं एक उत्तर मेंदूवर संशोधन करणाऱ्यांनी दिलंय. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात वॅलरी सालिमपूर, रॉबर्ट झटॉरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना त्यांचंच आवडतं, अंगावर शहारा आणणारं संगीत ऐकवलं आणि त्या वेळी मेंदूत काय घडतं ते पाहिलं. २०११ मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. शहाऱ्याच्या क्षणी डोपामिन सुटतं, हे अपेक्षितच होतं. पण त्या क्षणाच्या आधी, तो क्षण येणार म्हणून वाट पाहतानाही ते सुटतं, आणि तेसुद्धा मेंदूच्या वेगळ्या भागात. म्हणजे आनंदाचे दोन घास आहेत. एक मिळण्याचा आणि एक वाट बघण्याचा. आता पुढचं माझं गणित: ज्याला गाणं पाठ आहे त्यालाच वाट बघता येते. नवख्याच्या ताटात एकच घास पडतो. आमच्या शौकिनाला दोन, आणि सोंगाड्यानं वळण थोडं बदललं, की तिसरा.

जगात इतरत्र हेच घडतं तेव्हा त्याची पुस्तकं निघतात. अमेरिकेतला 'ग्रेटफुल डेड' हा रॉक संच १९६५ ते १९९५ या तीस वर्षांत सुमारे २३०० वेळा मंचावर उभा राहिला, आणि त्याच्यामागं गावोगाव फिरणाऱ्यांचा एक समाजच तयार झाला. त्यांना डेडहेड म्हणत. व्हॅनमध्ये राहायचे, वाहनतळावर खाणं-कपडे विकून पुढच्या गावाचं पेट्रोल जमवायचे. तो संच एका रात्रीची गाणी दुसऱ्या रात्री तशीच कधी वाजवत नसे. मग लोक ध्वनिमुद्रण करू लागले, आणि १९८४ मध्ये संचानं त्यांना हुसकावण्याऐवजी बसायला वेगळी जागाच नेमून दिली. बॉब डिलन १९८८ च्या जूनपासून जवळजवळ अखंड दौऱ्यावर आहे. ऐंशी ओलांडली तरी थांबलेला नाही. स्वतःच्या जुन्या गाण्यांच्या चाली तो इतक्या बदलतो की लोकांना कडवं संपेपर्यंत गाणं ओळखता येत नाही. त्याच्यामागं फिरणारे तेवढ्यासाठीच फिरतात: काल त्यानं हे कसं म्हटलं होतं आणि आज कसं म्हटलं. त्यांच्यापाशी याद्या आहेत, टेपा आहेत. आमच्या माणसापाशी काय होतं? मागं वगांच्या कॅसेटी आल्या, पण त्यात एकच रात्र गोठलेली. बाकीच्या रात्री त्याच्या डोक्यात होत्या, आणि त्याच्याबरोबरच गेल्या. मला याची हळहळ वाटते.

हा रोग फक्त खेड्यातल्या बाप्यांना जडतो असं समजू नका. वसंत सबनीसांचं 'विच्छा माझी पुरी करा' हे वगनाट्य दादा कोंडके करायचे तेव्हा तेही त्या दिवशीचं वर्तमानपत्र मंचावर आणायचे. लिहिलेल्या ओळीत न लिहिलेलं घुसडायचे. मुंबईतला 'विच्छा'चा प्रयोग आशा भोसले सहसा चुकवत नसत, असं सांगतात. त्यांनीच भालजी पेंढारकरांकडे दादांची शिफारस केली आणि दादा 'तांबडी माती' या १९६९ च्या चित्रपटातून पडद्यावर आले. गळ्यात एवढं गाणं असलेली बाई पुन्हा पुन्हा तेच वगनाट्य बघायला जाते, ती काय ऐकायला जात असेल? जागा. कुठं थांबला, कुठं शब्द लांबवला, कुठं लोकांच्या हसण्यावर पुढची ओळ ठेवली.

काही शौकीन तर प्रेक्षकांतून उठून थेट फडावरच जाऊन उभे राहिले. सोलापूरच्या राम जोश्यांची गोष्ट परंपरेनं सांगत आलेत. वेदशास्त्राच्या घरातला हा मुलगा धोंडी शाहिराच्या तमाशाच्या नादी लागला. भावानं घराबाहेर काढलं. तो पंढरपूरला आला, तिथं संस्कृत शिकला, आणि मग ज्या लावण्या त्यानं रचल्या त्यात पंढरपूरचं पांडित्य आणि धोंडी शाहिराची ढोलकी एकत्र वाजते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातली ही कथा. १९४७ मध्ये 'लोकशाहीर रामजोशी' चित्रपटानं ती घराघरांत नेली. दुसरे पठ्ठे बापूराव. मूळचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, जन्म १८६६, गाव रेठरे हरणाक्ष. तमाशा ऐकायला जाणाऱ्या या कुलकर्ण्यानं वतन सोडलं, जात सोडली, महार-मांग कलावंतांबरोबर फड उभा केला, पवळाबाईंबरोबर मुंबई गाजवली आणि १९४५ मध्ये पुण्यात हलाखीत प्राण सोडला. शौकिनांच्या बायका त्यांना उगाच अडवत नसत.

आता या नवलाईत एक काटा आहे, आणि तो उपसून बाजूला ठेवता येत नाही. ज्या बाईच्या गाण्यासाठी हा माणूस पाच गावं पालथी घालतो, तिच्याबद्दल त्याला काय माहीत असतं? विठाबाई नारायणगावकर १९३५ मध्ये पंढरपुरात जन्मल्या. भाऊ-बापू मांग नारायणगावकरांच्या फडाची ही लेक; तिला १९५७ आणि १९९० मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवलं गेलं. कार्यक्रम चालू असताना मागं जाऊन बाळंत झाल्या आणि पुन्हा फडावर आल्या, ही त्यांची कथा तमाशाचा प्रत्येक चाहता अभिमानानं सांगतो. अभिमान कुणाचा, हे विचारावंसं वाटतं. २००२ च्या जानेवारीत त्या गेल्या, त्याआधीची वर्षं ओढाताणीची होती. करमाळा तालुक्यातल्या नेरल्याच्या डॉ. किशोर शांताबाई काळे यांचं 'कोल्हाट्याचं पोर' हे आत्मकथन १९९४ मध्ये आलं. त्यात शौकीन दिसतो तो उलट्या बाजूनं, नाचणारीच्या पोराच्या डोळ्यांनी. आई एका मालकाबरोबर निघून जाते आणि पोर आजोबांच्या घरी उरतं. फडासमोर बसून दौलतजादा करणारा, नोट देताना आपलं नाव पुकारून घेणारा माणूस सकाळी त्याच बाईला आपल्या घरात माठातलं पाणी देईल का, याचं उत्तर त्या काळात बहुतेक गावांत एकच होतं. नाद कानाचा होता. तो उंबऱ्याच्या आत आला नाही.

करकंबहून जवळच, पुणे-सोलापूर महामार्गावर मोडनिंब आहे. तिथली कला केंद्रं म्हणजे संगीत बारी, आणि तिथं हिशेब उलटा. ढोलकी फडाचा तमाशा गावोगाव फिरतो आणि शौकीन त्याच्यामागं. संगीत बारी जागेवर बसते आणि शौकीन तिच्याकडे येतो. इथं वग नाही, सोंगाड्या नाही. बैठकीची लावणी, पेटी, ढोलकी आणि फर्माईश. एकाच ओळीची दहा प्रकारची अदा करून दाखवायची, आणि ती बघताना ऐकणाऱ्याला कळलं पाहिजे की पाचवी तिसरीपेक्षा कशात वेगळी. वाईच्या यमुनाबाई वाईकर (१९१५-२०१८) या कलेच्या शिखरावर होत्या; त्यांना पद्मश्री मिळाली ती २०१२ मध्ये, वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी. उशीर करायचा तर किती करावा!

बायका या सगळ्यात कुठं होत्या? बहुतेक वस्तीवर, हलगी लांबून ऐकत. १९९३ मध्ये अकलूजला राज्यस्तरीय लावणी स्पर्धा सुरू झाली आणि तिथं घरंदाज म्हणवणाऱ्या बायका उघडपणे लावणी बघायला येऊन बसल्या, तेव्हा ही गोष्ट थोडी बदलली. अकलूज करकंबपासून फार लांब नाही. ज्या बाईनं आयुष्यभर "ह्योच तमाशा" म्हणून नवऱ्याला टोमणे मारले, तिनं तिथं पहिल्यांदा लावणी समोर बसून पाहिली असेल, तर तिला काय वाटलं असेल, हे कुणीतरी लिहायला हवं आहे.

फडाचा काळही आता पूर्वीचा राहिला नाही. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी घालणारे नियम २००० मध्ये आले आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते कडक केले. ज्यांच्या घरात आजारी माणूस किंवा परीक्षेचं पोर आहे त्यांच्या बाजूनं मीही उभा आहे. पण परिणाम काय झाला तेही बघा. वग सुरू व्हायचा मध्यरात्रीनंतर. सगळा खेळ आटोपायचा तर कात्री लागली ती वगाला. सलामी राहिली, गाणी राहिली. मोकळ्या सांध्यांचा जो भाग होता, जो दर रात्री वेगळा व्हायचा, तोच आखडला. दोन तासांत उरकलेला खेळ भोशात आणि करकंबात खरोखरच सारखा होऊ लागला. शौकिनाचं ते उत्तर आता द्यायला जड जाईल.

पण आपली रात्र त्याआधीची आहे. वग रंगलाय. पुढं पोतं टाकून बसलेला आमचा माणूस सरदाराच्या आधी ओठ हलवतोय. एका ठिकाणी सोंगाड्या भोशात जे बोलला होता ते बोलत नाही, नुसता थांबतो. हा पुढं झुकतो. अर्धा श्वास, आणि मग दुसरंच काहीतरी येतं. याच्या तोंडून "आयला!" निघतं. सोंगाड्याला ते ऐकू गेलंय. त्याची मान किंचित त्या बाजूला वळते.

तांबडं फुटतं. पण जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी असते. रात्रभर जागलेला फड तोंडावर पाणी मारून पुन्हा उभा राहतो आणि कुस्त्यांच्या फडाआधी गावाला थोडी गाणी, थोडी सोंगं दाखवतो. जाळ पुन्हा पेटतो, हलगी शेकली जाते. ऊन चढू लागलंय, जमीन तापायला लागलीय. वस्तीवर रात्रभर हलगी ऐकत पडलेल्या बाईच्या कानावरचा आवाज विरळ होत होत आठच्या सुमाराला पार थांबतो. चला, संपला एकदाचा तमाशा, असं म्हणून ती चुलीवर चहाचं आधण ठेवते.

गावात हजेरीला नुकता कुठं रंग चढायला लागलेला असतो.